भिंतीपलीकडची शिट्टी

"तुमचे मिस्टर रोज रात्री आमच्या घरात शिट्टी मारतात," शेजारच्या सरांनी माझ्या बायकोला फाटकाशी गाठून सांगितलं.

मी तेव्हा गच्चीवर होतो. हातात तांब्याच्या तारेचं भेंडोळं आणि तोंडात दोन खिळे. त्यामुळे ताबडतोब खुलासा करता आला नाही. बायकोनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे पाहिलं आणि भाजी निवडताना बोलावं तितक्या शांतपणे म्हणाली, "सर, ह्यांना शिट्टी येत नाही. लग्नाला अडतीस वर्षं झाली. कुकरची शिट्टी झालेली ह्यांना कळत नाही, स्वतः कुठून मारतील?"

निर्दोष सुटल्याचा आनंद मानावा की ज्या कारणानं सुटलो त्याचं वाईट वाटून घ्यावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. सर मात्र गणिताचे. अडतीस वर्षांचा पुरावा त्यांनी एका वाक्यात खोडला. "मारतात. रोज. साडेआठनंतर. माझी वही आहे."

त्या वहीत तारीख, वेळ आणि 'शिट्टी : होय/नाही' असे तीन रकाने होते. तेरा दिवसांत तेरा वेळा 'होय'. आणि सरांचा आरोप शब्दशः खरा निघाला. ते सिद्ध व्हायला तीन आठवडे, दोन भांडणं आणि एक मेकॅनिक लागला, एवढंच.

आधी थोडं आमच्या वर्ध्याबद्दल सांगायला हवं. दुरून येणारा आवाज ऐकायची या गावाला जुनी सवय. व्हाइसरॉयला गांधीजींशी बोलायचं तर पार सेवाग्रामच्या कुटीपर्यंत टेलिफोन टाकावा लागला. तो आजही तिथं पाहायला मिळतो. पलीकडे पवनारला विनोबांनी 25 डिसेंबर 1974 पासून वर्षभर मौन धरलं. म्हणजे एकीकडे व्हाइसरॉयची तार आणि दुसरीकडे काहीच न बोलणं, हे दोन्ही टोकाचे प्रकार आमच्याकडे होऊन गेलेत. मधला प्रकार, म्हणजे खरखर, तेवढा माझ्या वाट्याला आला.

नकाशा पाहिलात तर हे लक्षात येईल. एका अंगाला नागपूर, वर्धा नदीच्या पल्याड अमरावती आणि यवतमाळ, खाली चंद्रपूर. मधे आम्ही. पंगतीत मधोमध बसलेल्या माणसासारखी आमची अवस्था. वाढपी चारही बाजूंनी येतात आणि प्रत्येकाला वाटतं, याला पलीकडच्यानं वाढलं असेल.

रेडिओचं वेड मला बाबांकडून आलं. बाबांचा सेट व्हॉल्व्हचा होता. सुरू केल्यावर तो तापेपर्यंत चहा होऊन जायचा. भिंतीवर दोन खिळ्यांमध्ये तांब्याच्या जाळीची पट्टी ताणलेली, ती एरियल. दुसरी तार खिडकीतून अंगणात जायची आणि तुळशीच्या ओट्याशी मातीत पुरलेली असायची, ती अर्थिंग. 1933 च्या कायद्याप्रमाणे रेडिओ ऐकायलासुद्धा परवाना लागे. पोस्टात पैसे भरून तो दरवर्षी नवा करून आणायचा. बाबा ते पुस्तक रेशनकार्डाच्या वर ठेवायचे. धान्याशिवाय दिवस निघतो, रेडिओ सिलोनशिवाय बुधवार निघत नाही, असं त्यांचं म्हणणं.

सिलोन ऐकायची पाळी आणली ती आपल्याच एका मराठी गृहस्थानं. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर 1952 मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि हिंदी सिनेमाची गाणी त्यांना आकाशवाणीच्या पायरीची वाटेनात. गाणी उंबरठ्याबाहेर गेली ती थेट समुद्र ओलांडून कोलंबोला पोचली आणि तिथून अमीन सयानींचा आवाज घेऊन बिनाका गीतमालेच्या रूपानं परत आली. 1957 च्या 3 ऑक्टोबरला विविध भारती सुरू झाली, पण तोवर आमच्या घराचा काटा कोलंबोच्या दिशेला गंजून बसला होता.

तर कोलंबोचा हा आवाज शॉर्टवेव्हवरून यायचा, म्हणजे लाटांवर बसून यायचा. जवळ यायचा, लांब जायचा. निवेदक म्हणणार, 'पायदान नंबर सात पर...' आणि पुढचं सगळं हिंदी महासागरात. अशा वेळी बाबा अंगणाकडे तोंड करून ओरडायचे, "आई, एक गडवा पानी टाक व तुळशीले!"

आजी पाणी घालायची. माती ओली झाली की अर्थिंग चांगलं लागायचं आणि खरोखरच गाणं वर यायचं. आजीला यातलं विज्ञान ठाऊक नव्हतं. तिची समजूत अशी की पोराला उशिरा का होईना, संध्याकाळच्या तुळशीपूजेची गोडी लागली. दर बुधवारी ती तुळस पाच-पाच गडवे पाणी प्यायची. पावसाळ्यात एकदा मुळं कुजून मेली. आजीनं दोष केसकरांना नाही, सयानींना दिला.

अशा घरातून मी आलो. त्यामुळे पतसंस्थेतून निवृत्त झाल्यावर लोक देवळात जातात तसा मी रेडिओकडे वळलो. माळ्यावरून तीन बँडचा जुना ट्रान्झिस्टर काढला, पुसला, सेल घातले.

पहिला प्रयोग एफएमवर केला. आता एफएमचा स्वभाव ग्रामसभेसारखा. दोघं एकदम बोलायला लागले की जो जरा वरच्या पट्टीत बोलेल त्याचंच ऐकायचं, दुसरा जणू सभेला आलाच नव्हता. यवतमाळचं आकाशवाणी केंद्र 102.7 वर, चंद्रपूरचं 103 वर. नव्या, आकडे दाखवणाऱ्या रेडिओला हा फरक कळतो. माझ्या ट्रान्झिस्टरचा काटा मात्र हळदीकुंकवाच्या बोटाएवढा जाड. दोन्ही केंद्रं त्याच्या सावलीत सहज मावायची. दोन्हींपासून लांब असल्यामुळे कोण वरच्या पट्टीत बोलतंय याचा निकाल बारीकसारीक गोष्टींवर लागे. आमच्याकडे तो बायकोवर लागायचा. ती ओट्याजवळ उभी असली की यवतमाळ, फ्रिजकडे गेली की चंद्रपूर. ओटा आणि फ्रिज यांच्या मधोमध थांबली तर सूंऽऽ.

एके दिवशी एकीकडे वांग्याच्या भाजीची कृती लागली होती आणि दुसरीकडे कपाशीवरच्या फवारणीचा सल्ला. बायको पोळ्या करत होती. मी लिहून घेत होतो. शेवटी कागदावर जे उतरलं ते असं : 'कांदा गुलाबी होईपर्यंत परतावा, मग दहा लिटर पाण्यात मिसळून वाऱ्याच्या दिशेनं फवारावा.'

"जरा ओट्यापाशीच थांबतेस का? मसाला किती ते राहिलं," मी म्हटलं.

"मी तुमची बायको आहे, एरियल नाही," ती म्हणाली आणि फ्रिज उघडून उभी राहिली. मुद्दाम.

तेव्हा मी मीडियम वेव्हकडे गेलो. मीडियम वेव्हवर माझी निष्ठा एकच, नागपूर केंद्र, 585 किलोहर्ट्झ. 16 जुलै 1948 पासून हे केंद्र बोलतंय, म्हणजे माझ्यापेक्षा वयानं मोठं. मोठ्या माणसाच्या बोलण्यात थोडी खरखर असायची, तिचा आदर राखून ऐकावं. शिवाय मीडियम वेव्हचा स्वभाव एफएमच्या उलटा. इथं दोघं एकाच वेळी बोलले तर दोघंही ऐकू येतात, वर त्यांच्या भांडणाची एक तिसरीच शिट्टी. हुबेहूब लग्नघर.

ही भांडणं होऊ नयेत म्हणून जगानं 1975 मध्ये जिनिव्हात बसून वाटण्या केल्या. आपल्या भागात मीडियम वेव्हवरची प्रत्येक दोन घरं नऊ-नऊ किलोहर्ट्झवर. घरांचे आकडे असे बसवले की प्रत्येकाला नवानं पूर्ण भाग जातो. मी हे सरांना सांगितलं, तेव्हा आमचे संबंध अजून चांगले होते. सरांनी विश्वास ठेवला नाही. वहीवर मांडलं. 585 भागिले 9, पासष्ट, बाकी शून्य. मग बुटीबोरीच्या केंद्राचं 1566. भागाकार एकशे चौऱ्याहत्तर, बाकी शून्य. सरांच्या चेहऱ्यावर जो भाव आला तो मी याआधी फक्त दहावीच्या निकालाच्या दिवशी पाहिला होता, आणि तोही स्वतःच्या मुलाच्या नव्हे, वर्गातल्या पहिल्याच्या.

बुटीबोरीचं नाव निघालं की आमच्या नात्यातल्या मामाजींना वगळून चालत नाही. बुटीबोरीला आकाशवाणीचं 1000 किलोवॅटचं महाकाय प्रक्षेपण केंद्र. 1988 च्या मे महिन्यापासून तिथून राष्ट्रीय वाहिनी रात्र-रात्र देशभर जायची. 2019 च्या जानेवारीत ती वाहिनी बंद झाली. हजार किलोवॅट म्हणजे किती? घरातला शंभरचा जुना पिवळा बल्ब घ्या, तसे दहा हजार. मामाजींची शेती समुद्रपूर तालुक्यात, बुटीबोरीच्या अंगाला. त्यांचं म्हणणं, त्या काळी त्यांना रेडिओ लागतच नसे. धुऱ्यावरच्या गंजक्या तारेला कान लावला की बातम्या ऐकू येत. गंजलेल्या सांध्यातून जवळच्या बलाढ्य केंद्राचा आवाज निघू शकतो, हे विज्ञानाला मान्य आहे. पण मामाजींच्या विधानांतून नेहमीप्रमाणे निम्मं वजा करावं लागतं. "मराठी बातम्या वरच्या तारेवर आन् हिंदी खालच्या तारेवर," असं ते पुढे सांगायचे, ते हे निम्मं.

तर दिवाळीच्या सुमाराला मी 585 लावून बसलो आणि आवाज आला घर्रऽऽ. नागपूर त्या घर्रमागे कुठेतरी होतं. पडद्यामागून नवरी बोलावी तसं. मी ठरवलं, गुन्हेगार शोधायचा. खिशात मावेल असा रेडिओ घेतला आणि कानाशी धरून लेआउटमधून फिरू लागलो. घर्र वाढली की गुन्हेगार जवळ, कमी झाली की लांब. आमच्याकडे वस्तीला लेआउट म्हणतात, आणि लेआउटमध्ये कानाशी काहीतरी धरून, तोंडानं 'वाढलं, वाढलं' असं पुटपुटत लोकांच्या कुंपणापाशी घुटमळणाऱ्या निवृत्त माणसाबद्दल काय बोललं जातं, ते मला नंतर कळलं.

पहिला गुन्हेगार कोपऱ्यावरचा. दिवाळीची झगमगती माळ. दुसरा, एका घरातला स्वस्तातला एलईडी बल्ब. तिसरा मोबाईलचा चार्जर, ज्याला मोबाईल लावलेलाच नव्हता. चौथ्या घरी मिक्सर. तिथल्या काकूंना मी नम्रपणे म्हटलं, "तुमच्या मिक्सरच्या कार्बन ब्रशमधून ठिणग्या पडतात, त्या नागपूर केंद्रात शिरतात."

"बाप्पा!" काकूंनी तोंडावर हात घेतला. "नागपूरवाल्यायनं तक्रार केली का?"

पाचव्या घरचा तरुण जरा तिखट. "काकाजी, आमी दिवाळीची माळ बंद करायची, म्हनजे तुमी रेडिओ ऐकनार? फोनवर ऐका ना. आपमध्ये सगळे स्टेशन येते."

"त्यात मजा नाही."

"काऊन?"

"त्यात खरखर नाही."

यावर तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. स्वतःचं बोलणं मला स्वतःलाही जरा विसंगत वाटलं, पण माघार घ्यायची ही वेळ नव्हती.

शेतावर गेलो तर तिथं वेगळाच प्रकार. सेलूच्या पुढे बोरच्या जंगलाकडे आमचा भाऊबंदकीतला तुकडा आहे. चणा लागला की रानडुकरं आणि रोही रात्रीत साफ करून जातात, म्हणून सगळ्या धुऱ्यांवर झटका मशीन. बॅटरीवर चालणारी पेटी, तारेतून सेकंदा-सेकंदाला एक झटका. डुकराला एकदाच बसतो, मीडियम वेव्हला रात्रभर. टक्... टक्... टक्... प्रादेशिक बातम्या त्या तालावर इतक्या गंभीर वाटायच्या की बाजारभाव सांगताना कुणी गेलं की काय असं वाटे. माझ्या शेताची एक पेटी, शेजारच्याची दुसरी, त्याच्या पलीकडची तिसरी. तिन्हींचे ठेके वेगळे. मी शेजाऱ्याला म्हटलं, "निदान आपण तिघं एका तालात तरी लावू." तो म्हणाला, "भाऊ, डुक्कर तालात येत नाई."

मला खरा, स्वच्छ रेडिओ ऐकायला मिळायचा तो फक्त लाइन गेली की. सगळा लेआउट काळोखात, सगळे बल्ब, चार्जर, मिक्सर मुके, आणि त्या अंधारात माझ्या सेलवरच्या ट्रान्झिस्टरमधून नागपूर असं घरात येऊन पाटावर बसल्यासारखं बोलायचं. लोक डास मारत वीज मंडळाला शिव्या घालत असताना मी एकटा हसत बसलेला असायचो. यानंही माझ्याबद्दलचं मत सुधारलं नसावं.

शेवटी सगळ्यात मोठी घर्र सापडली ती आमच्याच देवघरात. गणपतीच्या मागे फिरणारं चिनी प्रभामंडळ. बायकोच्या बहिणीनं दिलेलं. यापेक्षा जास्त तपशील देण्याची माझी इच्छा नाही; प्रकरण घरातल्या घरात दडपलं गेलं.

आणि अशा नैतिकदृष्ट्या नाजूक क्षणी सरांनी शिट्टीचा आरोप ठेवला.

सरांचं आणि आमचं घर जुळं. मधली भिंत चार इंची. भिंतीच्या या बाजूला माझा ट्रान्झिस्टर, त्या बाजूला सरांचा. सर रोज रात्री मुंबई केंद्र ऐकायचे, 1044 किलोहर्ट्झ. दिवसा ते वर्ध्याला पोचणं शक्य नाही. पण सूर्य मावळला की आकाशातला लहरी पिऊन टाकणारा खालचा थर विरतो आणि त्याच्या वरच्या थरावर आपटून लांबची केंद्रं खाली उतरतात. रात्री नऊनंतर माझ्या रेडिओवर एक चिनी बाई येते. तिचं माझं अजून काही जमलेलं नाही. सरांकडे मुंबई यायची. सर ती ऐकायचे कारण मुलगा डोंबिवलीला. "तो तिकडं हेच ऐकत असेल," असं ते एकदा बोलून गेले. मुलाकडे रेडिओ नाही, हे त्यांच्या मिसेसना माहीत होतं, मला माहीत होतं. सरांना कुणी सांगितलं नव्हतं.

"मुंबई लावली की बरोबर साडेआठला कूंऽऽ अशी शिट्टी सुरू होते," सर सांगू लागले. "बातम्या संपून तुम्ही रेडिओ बंद केला की शिट्टी बंद. मधे तुम्ही काटा थोडा हलवता तेव्हा सूर चढतो."

"माझा रेडिओ 585 वर, तुमचा 1044 वर. माझ्या रेडिओचा आवाज तुमच्या रेडिओत कसा येईल? रेडिओ ऐकतो, सर. बोलत नाही."

"तुमचा बोलतो."

प्रयोग करायचं ठरलं. भिंतीवर एक टकटक म्हणजे 'बंद करा', दोन म्हणजे 'सुरू करा', तीन म्हणजे 'शिट्टी आली'. पहिल्या रात्री मी एकदा ठोकलेलं ऐकून बंद केलं, दोनदा ऐकून सुरू केलं आणि तीनदा ऐकून दुसऱ्यांदा बंद करून पुन्हा चालू केलं. कारण तीन म्हणजे एक अधिक दोन, असा माझा समज झाला. सरांनी मग चार वेळा ठोकलं. चारचा करारच नव्हता. दोन्ही बायका अंगणात येऊन उभ्या राहिल्या.

"काय चाल्लं असन वं?" सरांच्या मिसेसनी विचारलं.

"तुमचे ठोकतात, आमचे बंद होतात," माझी बायको म्हणाली.

निकाल सरांच्या बाजूनं लागला. मी बंद केला की शिट्टी बंद, सुरू केला की सुरू. दहापैकी दहा. मी तरी मानायला तयार नव्हतो. सर प्रमाण मराठीत बोलणारे. रागावले की वऱ्हाडीत उतरतात. "हे पाहा भाऊ, हवा काही तुमच्या बापाची नाही. सुप्रीम कोर्टानं 1995 मध्येच सांगितलं हाय, हवेतल्या लहरी सार्वजनिक मालमत्ता हाये. आन् तो निकाल देनारे न्यायमूर्ती सावंत मराठी मानूस होते!"

सावंत मराठी असल्यानं माझी बाजू कशी कमजोर होते हे मला कळलं नाही, पण केसकरही मराठीच होते, एवढं उत्तर मी दिलं. त्यावर दोन दिवस अबोला झाला.

मग मेकॅनिक आला. पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा, आता बसस्टँडजवळ मोबाईलच्या काचा बदलतो. आमचे दोन रेडिओ बघून त्याला गहिवरून आलं. चार इंच भिंतीच्या दोन बाजूंना जाऊन-येऊन त्यानं दोन्ही सेट लावले, काढले, लावले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"भाऊ, सर बरोबर म्हनते. तुमचा रेडिओ नुसता ऐकत नाई, बोलते बी."

त्यानं समजावलं ते असं. अशा प्रत्येक रेडिओच्या पोटात स्वतःचा एक छोटा आवाज बनवणारा भाग असतो. बाहेरून आलेलं केंद्र आणि हा पोटातला आवाज यांची टक्कर लावून रेडिओ काम करतो. आणि पोटातला आवाज नेहमी केंद्रापेक्षा 455 किलोहर्ट्झनं वर ठेवलेला असतो. त्यातलं किंचित बाहेर सांडतं. चार हातांपर्यंत, फार तर एका भिंतीपलीकडे.

मेकॅनिक पुढे काही बोलण्याआधीच सरांची पेन्सिल चालू लागली होती. 585 अधिक 455. बरोबर 1040. सरांचं केंद्र 1044. फरक चार किलोहर्ट्झ. म्हणजे सेकंदाला चार हजार कंपनं. "म्हणजेच शिट्टी!" सर जवळजवळ किंचाळले. माझ्या अपराधाचा पुरावा इतका बिनचूक निघाला की त्या आनंदात सर माझ्यावरचा राग साफ विसरले. त्यांनी मला मिठी मारली. मुंबई केंद्र 1044 ऐवजी 1053 वर असतं तर माझी शिट्टी तेरा किलोहर्ट्झची झाली असती, ती या वयात कुणालाच ऐकू आली नसती आणि त्यांच्या आयुष्यातलं हे सर्वात सुंदर उदाहरण हुकलं असतं, असं त्यांनी मला तीनदा सांगितलं.

"म्हणजे माझं स्वतःचं केंद्र आहे," मी म्हटलं. खरं सांगतो, मला अभिमान वाटला. पतसंस्थेत तीस वर्षं काढली, मासिक सभेत कधी माझं वाक्य पूर्ण होऊ दिलं नाही कुणी. इथं मी नकळत रोज प्रक्षेपण करत होतो आणि श्रोता वही ठेवून ऐकत होता.

"विनापरवाना केंद्र," सरांनी दुरुस्ती केली.

मेकॅनिकला बिहारचा राघव महतो आठवला. वैशाली जिल्ह्यातल्या मन्सूरपूरमध्ये दुरुस्तीच्या दुकानातून, पन्नास रुपयांच्या सामानात यानं एफएम केंद्र उभं केलं, गावोगाव गाणी ऐकवली आणि 2006 मध्ये सरकारनं ते बंद केलं. "तुमाले तर तेवढा बी खर्च नाई आला," मेकॅनिक कौतुकानं म्हणाला. त्यानं एका पैचीही मजुरी घेतली नाही. गोरसपाक बिस्किटांचा पुडा मात्र घेतला.

तह झाला. साडेआठ ते नऊ मी नागपूर ऐकायचं, नऊनंतर सरांनी मुंबई. सरांनी एक तक्ता करून भिंतीवर लावला : शेजाऱ्यानं कोणतं केंद्र लावल्यास कोणत्या केंद्रावर शिट्टी येईल. प्रत्येक आकड्यात 455 मिळवून. तो त्यांनी मला आणि त्या तिखट तरुणालाही दिला. तरुणानं त्यावर फोन टेकवून ठेवला. पुढे ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं 234 नव्या शहरांत 730 खासगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. यादीत वर्ध्याचं नाव वाचून मी आनंदानं सरांकडे धावलो. सर गंभीर झाले. "एफएममध्ये 455 नाही चालत. तिथं 10.7 मेगाहर्ट्झ मिळवायचे," ते म्हणाले आणि नवी वही काढली. "93.5 ऐकणारा 104.2 वाल्याच्या घरात शिट्टी मारणार. आत्तापासून तयारी ठेवली पाहिजे."

त्या हिवाळ्यात सर महिनाभर मुलाकडे डोंबिवलीला गेले. मी पहिल्या रात्री साडेआठला 585 लावलं, नऊ वाजून गेले, साडेनऊ झाले, कुणी ठोकलं नाही. चिनी बाई आली आणि गेली. मला कार्यक्रमात गोडी वाटेना. श्रोताच नाही म्हटल्यावर कुठल्या केंद्राला वाटेल?

चौथ्या दिवशी सरांचा फोन.

"भाऊ, इथं काहीच लागत नाही. बाराव्या मजल्यावर मुंबई येत नाही हो मुंबईत! लिफ्ट, वायफाय, पन्नास बल्ब... नुसती घर्र. आणि पोराकडं रेडिओच नाही. तुम्हाला माहीत होतं का?"

मी गप्प बसलो.

"असो. नागपूर लागलंय का तिकडं? जरा फोन रेडिओपाशी धरता? दहा मिनिटं. बातम्या होईपर्यंत."

माझा फोन जुना, बटणांचा. बाराव्या मजल्यावर बसलेल्या सरांना नागपूर केंद्र ऐकवण्यासाठी मी तो ट्रान्झिस्टरच्या जाळीला टेकवला. बातम्या सुरू झाल्या आणि त्याबरोबर फोन जवळ आणल्यामुळे रेडिओतून टिर्र-टिर्र-टिर्र, टिकटिकटिक, कूंऽऽ असं एकदम काहीतरी निघालं.

"कोण शिट्टी मारतंय?" पलीकडून सर ओरडले, आणि त्यांच्या आवाजात गेल्या चार दिवसांत नव्हता एवढा उत्साह होता.

बायकोनं स्वयंपाकघरातून येऊन माझ्या हातातून फोन घेतला. कुकरच्या तीन शिट्ट्या होऊन गेल्या होत्या, करपल्याचा वास घरभर होता.

"सर," ती म्हणाली, "ह्यांना येत नाही हो शिट्टी."